भाड्यातून हाती काय उरते?

कोल्हापुरात शिकायला येऊन राहण्याची रीत जुनी आहे. शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातल्या मुलाला शहरात हक्काचे छप्पर मिळाले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे महाविद्यालये वाढली, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि वसतिगृहांत न मावणारी माणसे गल्लीबोळांतल्या घरांत राहू लागली. राजारामपुरीत मागच्या दोन खोल्या, उपनगरात वरचा मजला, ताराबाई पार्कात फ्लॅट असे भाड्याचे शहर हळूहळू वाढत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वकिलांनाही आता इथे बसायला जागा लागते.

या शहरातला घरमालक बहुधा मोठा बिल्डर नसतो. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेला कारकून, पतीच्या मागे वरच्या मजल्याच्या भाड्यावर घर चालवणारी बाई, मुलगा पुण्याला गेल्यावर रिकामा झालेला फ्लॅट सांभाळणारे आईवडील, अशी ही माणसे. यांतली बरीच जण दोन चुका करतात. दरमहा हातात पडणारी रक्कम हेच उत्पन्न असे धरून चालतात, आणि करार, फाळा, कर यांच्या धास्तीने भाडेकरू कागदावर आणतच नाहीत. पहिल्या चुकीने हिशेब कोलमडतो. दुसरी चूक कधीकधी घरच अडकवते. भाडे कागदावर आणायला खर्च थोडा येतो, लपवण्याची किंमत मात्र फार मोठी असते, हे या प्रकरणात आकड्यांनिशी पाहू.

बारा महिन्यांचे भाडे, बारा महिन्यांचा खर्च

एक उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या घराचे घालून पाहावेत. राजारामपुरीतला एक फ्लॅट, भाडे दरमहा १२,००० रुपये. वर्षाचे झाले १,४४,०००. पण एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिनाभर फ्लॅट रिकामा राहिला, म्हणजे हाती आले १,३२,०००.

आता खर्च. घरफाळा ६,००० धरू. अपार्टमेंटचा मेंटेनन्स महिना १,००० प्रमाणे १२,०००. एजंटाला एका महिन्याचे भाडे, १२,०००. करारनामा आणि नोंदणी मिळून २,५००. नवा भाडेकरू येण्याआधी रंग, गळका नळ, गीझरची दुरुस्ती असे १५,०००. बेरीज होते ४७,५००. उरले ८४,५००.

भाड्यावर प्राप्तिकर किती बसेल ते मालकाच्या बाकीच्या उत्पन्नावर ठरते. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकर धरून साधारण १८,३०० रुपये जातील. हे गणित पुढे सोडवून दाखवले आहे. शेवटी शिल्लक सुमारे ६६,००० रुपये. फ्लॅटची किंमत ४५ लाख धरली तर हा परतावा वर्षाला दीड टक्क्यालाही टेकत नाही.

हे वाचून कुणी फ्लॅट विकायला काढावा असे मुळीच नाही. जागेची किंमत वाढते, घर मुलांच्या नावे राहते, म्हातारपणी आधार असतो. पण भाड्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता किंवा घरखर्च बांधताना १,४४,००० चा आकडा धरू नये. ६६,००० चा धरावा.

घरफाळा: पहिली जबाबदारी मालकाची

पुण्या-मुंबईत मालमत्ता कर म्हणतात, कोल्हापूरकर घरफाळा म्हणतो. भाडेकरू राहतो म्हणून फाळा त्याच्या अंगावर पडत नाही. महानगरपालिका अधिनियमानुसार मिळकत भाड्याने दिली असली तरी कराची प्राथमिक जबाबदारी ती देणाऱ्याची असते. भाडेकरूने फाळा भरायचा असे करारात लिहिले, तरी तो थकला की नोटीस मालकाच्याच दारात येते.

कोल्हापूर महापालिकेत आकारणी भांडवली मूल्यावर होते. रेडीरेकनरचा दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर यांवरून ते मूल्य निघते. यातला वापर हा घटक घरमालकाने नीट समजून घ्यावा. जागा राहण्यासाठी आहे की व्यवसायासाठी, मालक स्वतः वापरतो की कुळाला दिली आहे, यावर बिल बदलते. भाड्याच्या व्यावसायिक गाळ्यावर बसणारा जड फाळा हा शहरात जुन्या तक्रारीचा विषय आहे आणि त्या तक्रारीत तथ्यही आहे. पण त्यावर तोडगा म्हणून भाडेकरूची नोंद दडवणे धोक्याचे. फेरसर्वेक्षणात वापर उघड झाला की मागच्या वर्षांचा फरक एकदम मागितला जातो. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. महिन्याचे २ टक्के म्हणजे वर्षाचे २४. इतक्या व्याजाने कुणी राजीखुशीने कर्ज काढणार नाही.

फाळा वेळेत भरण्याचा आणखी एक फायदा आहे. प्राप्तिकरात फाळ्याची वजावट मिळते, पण तो मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला असेल तरच. नुसते बिल आले म्हणून वजावट मिळत नाही. म्हणून पावती जपून ठेवावी.

करारनामा: थोड्या खर्चाचे मोठे संरक्षण

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचे कलम ५५ प्रत्येक घरमालकाने वाचलेच पाहिजे. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण याहून जड तरतूद त्याच कलमात आहे. नोंदणीकृत करार नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. भाडे आठ हजार ठरले होते आणि भाडेकरू पाच हजार म्हणाला, तर सुरुवात पाच हजारांपासून होते. कागद न करणाऱ्या मालकाने आपला शब्द आपणच कमकुवत केलेला असतो.

याउलट, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी लायसन्स करार असेल तर कलम २४ मालकाच्या मदतीला येते. मुदत संपूनही लायसन्सधारक जागा सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दिवाणी न्यायालयाच्या लांबच लांब वाटेपेक्षा हा मार्ग पुष्कळ जवळचा. तो फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकानगाळ्याला तो लागू नाही.

आता खर्च पाहू. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते तीन रकमांच्या बेरजेवर काढतात: करारकाळाचे एकूण भाडे, परत न करायची रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेले व्याज. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे १,३२,००० होते. डिपॉझिट ५०,००० असेल तर त्यावरचे अकरा महिन्यांचे व्याज सुमारे ४,५८३. बेरीज १,३६,५८३ आणि तिचा पाव टक्का सुमारे ३४१ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. उरतो तो ऑनलाइन दस्त करून देणाऱ्याचा मेहनताना.

त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावायची गरज राहिलेली नाही. सेवा देणारा माणूस लॅपटॉप, वेबकॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. मजकूर पडद्यावर वाचून घ्यायचा, आधार क्रमांकावरून ओळख पटते, कॅमेऱ्यासमोर फोटो होतो, मालक आणि भाडेकरू अंगठा ठेवतात. पुढच्या काही दिवसांत नोंदणी झालेला दस्त मिळतो. अंगठा ठेवण्याआधी चार गोष्टी डोळ्यांनी तपासाव्यात: मुदतीच्या तारखा, भाड्याचा आकडा, डिपॉझिट कधी आणि कशातून वळते होणार, आणि मेंटेनन्स, वीजबिल, पाणीपट्टी कोण भरणार. पुढची बहुतेक भांडणे याच चार ओळींवरून होतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही कळवावी आणि पोच जपून ठेवावी.

गृहनिर्माण सहकारी सोसायटीत फ्लॅट असेल तर आणखी एक नियम माहीत हवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ना-वापर शुल्क लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरता येत नाहीत. जास्त आकारणी होत असेल तर हा आदेश दाखवून विचारणा करावी.

पेठांतली जुनी कुळे

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे कायद्यामुळे प्रमाण भाडे गोठले, ते पुढे दशकानुदशके तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले, आणि नंतर १९९९ चा कायदा आला. त्यानुसार अशा भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. अनेक वाडामालक ही वाढ मागतच नाहीत, कारण शंभर-दोनशे रुपयांच्या भाड्यात चार टक्के म्हणजे क्षुल्लक वाटतात. पण मागितलेली वाढ पत्रात आणि पावतीत दिसत राहते, आणि दर वर्षी वाढ वाढत्या रकमेवर मिळते.

याच कायद्याने मालकावर दुरुस्तीचे कर्तव्य टाकले आहे. भाडे कमी आहे म्हणून कौले गळू द्यायची, पाणी-वीज तोडायची, हे चालत नाही. आवश्यक सेवा तोडणे हा गुन्हा आहे. भाड्याची लेखी पावती देणेही बंधनकारक आहे. पावती दिल्याने कूळ पक्के होते ही समजूत घरोघरी ऐकू येते. खरे तर पावती नसल्याने कूळ हटत नाही. बँकेचा व्यवहार, वीजबिल, शेजाऱ्यांची साक्ष यांतून भाडे सिद्ध होतेच, आणि मालकाच्या बाजूने मात्र एकही कागद उरत नाही.

प्राप्तिकर: तीस टक्क्यांचा नियम

घरभाड्याला प्राप्तिकरात ‘घर-मिळकतीचे उत्पन्न’ असे स्वतंत्र सदर आहे. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. घरभाड्याच्या हिशेबाचा गाभा मात्र १९६१ च्या कायद्यातलाच आहे. मिळालेल्या भाड्यातून भरलेला घरफाळा वजा करायचा. उरलेल्या रकमेच्या सरसकट ३० टक्के वजा करायचे. मग कर्ज असेल तर त्यावरचे व्याज.

आपल्या फ्लॅटला हे लावू. १,३२,००० मधून ६,००० फाळा गेला, राहिले १,२६,०००. त्याचे ३० टक्के ३७,८००. करपात्र उरले ८८,२००. वीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून १८,३४६ रुपये.

हे ३० टक्के दुरुस्ती, एजंटाची दलाली, विमा, वसुली या सगळ्यांपोटी आहेत. एक रुपया खर्च न केलेल्यालाही ते मिळतात, आणि लाखभर खर्च केलेल्यालाही तेवढेच. म्हणून रंगाचे बिल जोडून जादा वजावट मागता येत नाही. मेंटेनन्स भाडेकरूने अपार्टमेंटकडे थेट भरायचा असे करारात लिहिले तर ती रक्कम भाड्यात मिसळत नाही, आणि मालकाला त्यावर कर भरावा लागत नाही. न्हाणीघर नवे बांधले, मजला चढवला, अशा मोठ्या सुधारणांची बिले मात्र कायम जपावीत. घर विकताना नफा काढताना ती किमतीत धरता येतात.

कर्जाच्या बाबतीत जुनी आणि नवी करप्रणाली यांत मोठा फरक पडतो. समजा वर्षाचे व्याज २,६०,००० आहे. ८८,२०० मधून ते वजा केले की १,७१,८०० चा तोटा दिसतो. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंतचा असा तोटा पगारातून किंवा अन्य उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत भाडे शून्यावर येते, पण तोटा पगाराकडे नेता येत नाही. कर्ज काढून घर भाड्याने देणाऱ्या नोकरदाराने दोन्ही प्रणालींचे गणित मांडूनच निवड करावी.

कर वाचवण्यासाठी घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मोबदला न घेता पत्नीला दिलेल्या घराचे भाडे कायदा पतीच्याच उत्पन्नात धरतो, त्यामुळे बक्षीसपत्राचा खर्च तेवढा होतो. घर मुळातच दोघांच्या पैशाने, ठरलेल्या हिश्श्याने घेतलेले असेल तर भाडे त्या हिश्श्याने वाटले जाते.

आणि आता ज्या मालकाला कराची सर्वांत जास्त भीती वाटते त्याच्याविषयी. निवृत्तिवेतन वर्षाला ३,६०,००० आणि वरच्या मजल्याचे भाडे १,२०,००० असलेल्या माणसाचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आतच राहते. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. वजावटींनंतरही उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरावे लागते, एवढेच. जो कर लागणारच नाही तो चुकवण्यासाठी हा माणूस करार करत नाही, पावती देत नाही, आणि कलम ५५ च्या कात्रीत सापडतो. कोल्हापुरातल्या कितीतरी घरमालकांनी हा एक परिच्छेद वाचावा असे मनापासून वाटते.

भाडे लपून राहणे आता अवघडही आहे. जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणारा नोकरदार वर्षाला एक लाखाहून जास्त भाडे देत असेल तर त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. भाडे महिना ५०,००० च्या वर असेल तर राहणाऱ्या व्यक्तीने २ टक्के कर कापून भरायचा असतो. मालक परदेशी राहत असेल तर ही मर्यादाच नाही; पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मुलाच्या नावावरचा फ्लॅट आईवडील भाड्याने देतात, तेव्हा ही गोष्ट भाडेकरूला आधीच सांगितली पाहिजे.

वकिलाचे ऑफिस, मुलांच्या कॉट

सर्किट बेंच आल्यावर भाऊसिंगजी रोडच्या आसपास घराची पुढची खोली वकिलाला देता येईल का, असा विचार अनेकांच्या मनात येणे साहजिक आहे. भाडे जास्त मिळते, पण घराचा वापर बदलतो आणि त्याबरोबर चार गोष्टी बदलतात. घरफाळा व्यावसायिक दराने येतो. वीजजोडणी घरगुती ठेवून दुकान किंवा ऑफिस चालवले तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि बिल मालकाच्या नावावर असते. करार संपल्यावर कलम २४ चा जवळचा मार्ग मिळत नाही. शिवाय वस्तू व सेवा कर येतो. व्यावसायिक भाड्यावर तो १८ टक्के आहे, पण मालकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची गरज नसते. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा बिगरनोंदणीकृत मालकाकडून जागा घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने हा कर स्वतः भरायचा आहे, कॉम्पोझिशनवाले वगळून. व्यावसायिक जागेच्या जादा भाड्यातून या सगळ्याची वजाबाकी करूनच होकार द्यावा.

विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर जागा देणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतचे आणि किमान सलग ९० दिवसांचे वास्तव्य असेल तर जुलै २०२४ पासून त्यावर वस्तू व सेवा कर नाही. कोल्हापुरातले कॉटचे भाडे या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे.

पंचगंगेचा खर्च

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेले. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्काचा सखल भाग इथल्या तळमजल्यांच्या भिंतींवर गिलावा फुगून सुटतो, दारांच्या चौकटी खालून कुजतात, वायरिंग नव्याने करावे लागते. तेवढे महिने भाडे बंद. पूररेषेजवळ घर असेल तर दर वर्षी भाड्यातला काही भाग या खर्चासाठी बाजूला काढावा. एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी घरविमा योजना मिळते आणि तिच्यात पुराचे नुकसान येते. विमा घराच्या बांधकामाचा घ्यावा. आतले सामान भाडेकरूचे, त्याचा विमा त्याने घ्यावा, हे करारातच लिहावे.

वर्षाचा क्रम

एप्रिलमध्ये घरफाळ्याचे बिल पाहावे, वापराची नोंद बरोबर आहे का ते तपासावे आणि आधी भरणाऱ्याला मिळणारी सवलत घ्यावी. मेअखेर, पावसाच्या आधी, गच्ची, पन्हळी आणि वायरिंग यांची दुरुस्ती उरकावी. जूनमध्ये विद्यार्थी बदलतात, तेव्हा नवा करार नोंदवल्याखेरीज किल्ली देऊ नये. भाडे आणि डिपॉझिट बँकेतूनच घ्यावे, पावती दरमहा द्यावी. जुलैत विवरणपत्र भरावे. मार्च संपण्याआधी फाळ्याचा एकही रुपया बाकी नाही याची खात्री करावी, नाहीतर त्या वर्षाची वजावट जाते. करार संपण्याच्या दोन महिने आधी भाडेकरूशी बोलावे, म्हणजे घर रिकामे राहण्याचा काळ कमी होतो. रिकामा महिना हा घरमालकाचा मोठा खर्च असतो, आणि चांगला भाडेकरू टिकवण्यासाठी भाड्यात दोन-चारशे रुपये कमी घेणे त्याहून स्वस्त पडते.

या कामांना वर्षातले मोजके दिवस लागतात आणि एक फाईल लागते: करार, फाळ्याच्या पावत्या, बँकेचे पासबुक, दुरुस्तीची बिले. ज्याच्याकडे ही फाईल आहे त्याला फेरसर्वेक्षणाची, प्राप्तिकराच्या नोटिशीची किंवा अडून बसलेल्या भाडेकरूची धास्ती बाळगायचे कारण नाही. आयुष्यभराच्या कमाईचे घर दुसऱ्याच्या हाती सोपवताना एवढी तजवीज केलीच पाहिजे.